खुब्यातली रेघ आणि माझे अकरा दिवस

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोपणाने एक जागा दाखवली.

"हा पांढरा ढग दिसतो? ही हाडातली सूज. आणि ढगाच्या आत ही बारीक काळी रेघ. हे फ्रॅक्चर."

"पण मी कुठे पडले नाही," मी म्हणाले.

"पडावं लागत नाही. इथवर कशा आलात?"

"जिना चढून. तुमची लिफ्ट बंद आहे."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी बाहेर हाक मारून व्हीलचेअर मागवली. जळगावातल्या त्या दवाखान्यात वीस मिनिटांपूर्वी मी दोन मजले चढून आले होते. उतरताना दोन माणसांनी मला खुर्चीसकट उचललं. जिन्यात एक आजी बाजूला झाल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला. त्यांना मी जवळजवळ गेलेलीच वाटले असणार.

दुखण्याचं नाव फीमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर. मांडीचं हाड वर खुब्याच्या वाटीत बसतं, तिथे त्याला गोल डोकं असतं आणि डोक्याखाली आखूड मान असते. त्या मानेला रोजच्या माराने पडलेली चीर म्हणजे हे फ्रॅक्चर. एखादी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं. माझी चीर मानेच्या आतल्या बाजूला होती, तिथे वजनाने हाड दाबलं जातं. त्यामुळे ऑपरेशन टळलं. सहा आठवडे कुबड्या आणि त्या पायावर अजिबात भार नाही. चीर बाहेरच्या बाजूला असती, तिथे हाड ताणलं जातं, तर लगेच स्क्रू घालावे लागले असते. आतली आणि बाहेरची बाजू यांत फरक बोटभराचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वय एकोणपन्नास. बेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले, कारण मेहरूण तलावाच्या काठी सकाळी कोणी बोलायला येत नसे. पुढे लोक बोलायला यायला लागले, मग माझ्यामागे पळायला लागले, आणि एके दिवशी कोणीतरी मला 'कोच मॅडम' म्हणालं. मला या शब्दाचं हसू यायचं. ज्या देशात शिट्टी गळ्यात घातली की माणूस तज्ज्ञ होतो, तिथे मी निदान शिट्टी घातली नव्हती, एवढंच.

आठवड्याचा क्रम असा होता. मंगळवारी वेगाचं पळणं, गुरुवारी ताकदीचे व्यायाम म्हणजे स्क्वॉट, लंजेस, वजनं उचलणं, आणि शनिवारी माझं लांबचं पळणं. सोमवारी आणि बुधवारी जळगावच्या गटाला शिकवायचं. रविवारी धुळ्याला, कारण माहेर तिथलं आणि तिथल्या अकरा बायकांना हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर पळायचं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याला किती पळता?"

"पस्तीस किलोमीटर."

नवरा शेजारी बसला होता. श्रीकांत सहसा दवाखान्यात तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "आणि धुळ्याचं?"

"ते शिकवणं आहे."

"सोमवार-बुधवारचं?"

"तेही शिकवणंच."

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हाडाला तुमचं पळणं आणि शिकवणं वेगळं कळत नाही हो."

घरी आल्यावर मी कागद घेऊन बेरीज केली. शिकवणारी बाई गटाबरोबर सरळ पळत नाही. पुढच्यांबरोबर जाते, मग शेवटच्या बाईसाठी उलटी येते, तिला घेऊन पुन्हा पुढे जाते. गट आठ किलोमीटर पळतो तेव्हा तिचे बारा होतात. ताकदीच्या व्यायामाचंही तेच. तीन तुकड्यांना स्क्वॉट दाखवायचे म्हणजे तिन्ही वेळा स्वतः करायचे. यातलं काहीही माझ्या डायरीत नव्हतं, कारण डायरी माझ्या सरावाची होती. बेरीज बहात्तर आली. दुसऱ्यांना 'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की गटात त्यावरून माझी नक्कल व्हायची.

डेक्सा स्कॅनही झाला. हाडांची घनता मोजायची ही तपासणी, दहा मिनिटं निजून राहायचं, दुखत नाही. घनता वयाच्या मानाने कमी निघाली. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, वजन सहा किलोने उतरलं होतं. लग्नाकार्यात बायका विचारत, "काय खाता हो, इतक्या बारीक झालात!" काही खात नव्हते, हे खरं उत्तर. मी नुसती हसायचे. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि जेवण लिहून दिलं. जेवण औषधाच्या चिठ्ठीवर मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुखणं सात आठवडे जुनं होतं. सुरुवात जांघेत. खोल, बोट ठेवून दाखवता येत नाही असं. सुरुवातीला पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना पहिले दोन किलोमीटर, मग जिना उतरताना, शेवटी झोपेत कूस बदलताना. तिसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला होता. तो स्वच्छ आला. तो रिपोर्ट मी गटावर टाकला आणि खाली लिहिलं, 'हाडं ठणठणीत!' स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. तुमच्यापैकी कुणाला जांघेत असं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नका. पळणं त्या दिवशी थांबवा आणि एमआरआयचं विचारा. एवढं एक वाक्य घेऊन हे लिखाण खाली ठेवलंत तरी चालेल.

पुढचं माझ्याबद्दल आहे.

एमआरआयच्या नळीत पंचवीस मिनिटं हलायचं नसतं. यंत्र खडखडत असतं आणि माणूस एकटा असतो. त्या खडखडाटात मला उज्ज्वला आठवली.

उज्ज्वला धुळ्याच्या गटातली. अडतीस वर्षांची, एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीत उभी असते, म्हणून तिचे पाय गटात सगळ्यांत चिवट. मला 'अक्का' म्हणायची. कोच मॅडम म्हणायला तिची जीभ वळत नसे आणि मला ते बरं वाटे. एमआरआयच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी लळिंगच्या बाजूने परत येताना ती माझ्या शेजारी आली.

"अक्का, जांघेत दुखतंय. गाडीची पायरी उतरले की कळ येते."

मी घड्याळ बघत होते. शेवटची बाई बरीच मागे राहिली होती. मी म्हणाले, "नवी वजनं उचलायला लागलीस ना, स्नायू आहे तो. मलाही दुखतं."

"तुम्हालाही?"

"नऊ किलोमीटरनंतर बधिर होतं बघ."

ती हसली. "मंग चालस," म्हणाली आणि पुढे गेली. मी उलटी वळून शेवटच्या बाईकडे गेले.

'मलाही दुखतं' हे मी तिला धीर द्यायला म्हणाले असं मी बरेच दिवस समजत होते. माझं दुखणं मी तिच्या दुखण्याचं औषध म्हणून दिलं, एवढाच त्याचा अर्थ.

तर एमआरआय गुरुवारी झाला. शुक्रवारी तिला फोन करायचा, हे मी नळीतच ठरवलं होतं. शुक्रवारी मी फोन केला नाही.

कारण सांगते. पाच आठवड्यांनी शर्यत होती. तिच्या आयोजकांनी मला दोन तास वीस मिनिटांच्या गटाची पेसर केलं होतं, म्हणजे पाठीला झेंडा लावून ठरलेल्या वेगाने पुढे पळायचं आणि लोकांनी मागे यायचं. शिवाय शर्यतीनंतर माझा सत्कार होता. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो, खाली 'खान्देशची धावती प्रेरणा', आणि फोटोभोवती अशा नऊ पुरुषांचे चेहरे जे पानटपरीपर्यंतसुद्धा मोटारसायकलने जातात. मी त्या फ्लेक्सची घरी यथेच्छ टिंगल केली होती. पण रोज कॉलेजला जाताना रिक्षा त्याच चौकातून न्यायला सांगत होते. थाटाची टिंगल करणाऱ्याला थाट नको असतो असं नाही. टिंगल करत खाल्लेला थाट अंगी लागतो, एवढंच.

मी गटावर लिहिलं, 'व्हायरल ताप आहे, दोन आठवडे विश्रांती.' लवकर बऱ्या व्हा, अशा पस्तीस शुभेच्छा आल्या. मग नेहमीप्रमाणे मी पुढच्या आठवड्याचा तक्ता पाठवला. रविवार: चौदा किलोमीटर, सावकाश.

श्रीकांतने ते वाचलं. "ताप?" तो म्हणाला.

"शर्यतीपर्यंत बघू. कदाचित भरून येईल."

"सहा आठवडे म्हणालेत. शर्यत पाचव्याला आहे. तुला गणित येतं."

रविवारी दुपारी उज्ज्वलाचा आवाजी निरोप आला. मागे बसस्टँडचा गलका होता. "अक्का, चौदा झाले! दुखलं, पण तुम्ही बोलले तसं नऊच्या पुढे बधिर होतं बरोबर. तब्येतीला जपा."

मी तो दोनदा ऐकला. उत्तर लिहायला घेतलं: 'उज्ज्वला, पळणं थांबव, मला तिथेच फ्रॅक्चर निघालं आहे.' मग वाटलं, तिने गटावर टाकलं तर? मग वाटलं, प्रत्येक जांघ म्हणजे फ्रॅक्चर नसतं. मग वाटलं, उद्या फोनवर नीट सांगू. लिहिलेलं खोडलं आणि अंगठा पाठवला.

सोमवार गेला. मंगळवारी कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत जायला शिकले. बुधवारी काखा सोलल्या. या दिवसांत मी तीन कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांतल्या पात्रांच्या भ्याडपणावर पेन्सिलीने खुणाही केल्या. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तक्ता पाठवला. रविवार: सोळा किलोमीटर.

अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेदहाला, धुळ्याहून फोन आला. गटातल्या एकीचा. उज्ज्वला ड्यूटीवर असताना गाडीच्या पायरीवरून उतरली, पाय खाली टेकला आणि ती जागच्या जागी बसली. मांडीच्या हाडाची मान पूर्ण तुटली होती आणि तुकडा सरकला होता. तिची चीर बाहेरच्या बाजूला होती.

दुपारीच ऑपरेशन झालं, तीन स्क्रू घातले. मी बुधवारी गेले. गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून. पारोळ्याला श्रीकांत चहाला थांबला तेव्हा म्हणाला, "तिथे ताप सांगू नकोस."

उज्ज्वला बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळ होती. उशाशी तिची सासू डबा उघडत होती. मी कुबड्या टेकत आत शिरले तसं सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेला विचारलं, "हाईच शे का तुनी मॅडम? हिना बी पाय मोडेल शे!"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मीही हसले असते, एखाद्या दुसऱ्या दिवशी.

उज्ज्वला माझ्या कुबड्यांकडे बघत होती. "अक्का, ताप होता ना तुम्हाला?"

"नव्हता. खुब्यात चीर निघाली. तुझ्यासारखीच, पण आतल्या बाजूला."

"कधी कळलं?"

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती आणि ते सोपं होतं. 'परवा' म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती.

"मागच्या आठवड्याच्या आधीच्या गुरुवारी," मी म्हणाले.

कंडक्टर बाई. हिशेब तिच्या बोटांवर असतो. तिने चादरीवर बोटं मोजली. "म्हणजे मी चौदा पळाले त्याच्या आधी. सोळाच्या तर खूपच आधी."

"हो."

"मंग माले काबर नही सांगं?"

माझ्याशी ती नेहमी शहरी मराठी बोलायची. 'मला का नाही सांगितलं' हे तिने घरच्या अहिराणीत विचारलं; ती बोली तिने एखाददुसऱ्या शब्दापलीकडे माझ्याशी कधी वापरली नव्हती. माझ्याकडे बरीच कारणं तयार होती. पारोळ्यापासून मी ती जुळवत आले होते. त्यांतलं एकही त्या प्रश्नासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हणाले. "सत्कार होता. शिकवणारीचंच हाड मोडलं हे लोकांना कळू नये असं वाटलं."

ती सासूकडे वळून म्हणाली, "आई, पानी द्या." पाणी प्याली आणि डोळे मिटले. सासूने डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा ताटलीत वाढला आणि ताटली माझ्यापुढे धरली. "बैस. खाई ले. हाडं दिसी राह्यनात तुनी." मी खाल्लं. त्या महिन्यात मी पोटभर जेवले ती एवढीच वेळ असावी.

बाहेर मी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "हाड जुळेल. प्रश्न डोक्याच्या रक्तपुरवठ्याचा आहे. मान तुटून सरकली की डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दुखावतात. दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल." याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. रक्त न मिळाल्याने हाडाचं डोकं हळूहळू मरतं आणि ढासळतं. मग खुबा बदलावा लागतो. उभं राहून करायच्या नोकरीचं काय, असं मी विचारलं. "आत्ता काहीच सांगता येत नाही," ते म्हणाले. डॉक्टरांच्या बोलण्यातलं हे सगळ्यांत प्रामाणिक वाक्य असतं आणि कोणालाही ते नको असतं.

मी विचारलं, "दहा दिवस आधी थांबली असती तर?"

ते मला ओळखत नसल्यामुळे त्यांनी सरळ उत्तर दिलं. "स्क्रू लागलेच असते. पण सरकलं नसतं. मग हा प्रश्नच आला नसता."

जळगावला परत आल्यावर मी दोन्ही गटांवर सगळं लिहिलं. फ्रॅक्चर, ताप, तारखा. उज्ज्वलाचं नाव तिला विचारून घातलं. पेसरपद सोडलं, सत्कार नको असं कळवलं. आयोजकांचा फोन आला, "मॅडम, फ्लेक्स छापून झालाय हो!" धुळ्याच्या गटातल्या चौघी निघून गेल्या. एकीने फक्त एवढं लिहिलं, 'आम्ही तुमच्यावर विसंबून होतो.' त्याच आठवड्यात गटातल्या दोघींनी मात्र कळवलं की त्यांनाही नडगीत दुखतं, सांगितलं नव्हतं. का, तर मॅडम सहन करतात, आपण कशाला कुरकुर.

माझं हाड सात आठवड्यांत जुळलं. आता पंधरा महिने झाले. मी आठवड्याला वीस किलोमीटर पळते, तीन वेळा जेवते, वजनं उचलते. शिकवते तेव्हा पळत नाही. सायकलवर असते किंवा कोपऱ्यावर उभी असते. स्क्वॉट एकदाच दाखवते, बाकीच्या वेळी बघते. बघायला लागल्यावर मला बरंच दिसायला लागलं. कोण एका पायावर जोर देतं, कोण उतरताना ओठ दाबतं. पूर्वी मी त्यांच्या बरोबर होते म्हणजे त्यांच्याकडे लक्ष होतं अशी माझी समजूत होती.

उज्ज्वलाची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पहिल्या वेळी मी न विचारता गेले. रिक्षातून उतरताना मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही, काठी घेतली. दुसऱ्या वेळीही तसंच. आता ती काठीशिवाय चालते, आगारात तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर बसते. बसून काम मिळालं म्हणून लोक तिचं अभिनंदन करतात. गाडीवर परत जायचंय हे ती कुणाला सांगत नाही. मला माहीत आहे, कारण ती डॉक्टरांना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारते, "पायरीवर उभं राहता येईल का?" पळण्याबद्दल तिने कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात पाचवी तपासणी झाली. नंबर बावीसचा होता. आम्ही दोघी बाकावर बसून होतो. माझ्या हातात पुस्तक होतं आणि पान उलटत नव्हतं. आत बोलावलं. डॉक्टरांनी नवा एमआरआय बराच वेळ पाहिला. "डोकं शाबूत आहे. अजून तरी. आता सहा महिन्यांनी या. तेव्हा असंच असेल तर गाडीवर जायचं बघू."

बाहेर येऊन ती पुन्हा त्याच बाकावर बसली. पाय दुखत असावा असं वाटून मी पाणी आणायला उठले.

"बसा अक्का," ती म्हणाली.

मी बसले.

"राग गेलेला नाही माझा. जाईल असं वाटतही नाही. तुम्ही त्यासाठी येत असाल तर नका येऊ."

"त्यासाठी नाही येत," मी म्हणाले. मग खरं बोलावं म्हणून दुरुस्त केलं. "आधी त्यासाठी यायचे. आता तू काय विचारतेस ते ऐकायला येते."

ती हसली नाही. फाइल पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली.

"आत जाण्याआधी बसावं लागतं ना इथे, तेव्हा भीती वाटते खूप. नवऱ्याला सांगितलं तर तो मलाच धीर देत बसतो. तुम्ही गप्प बसता ते बरं असतं." उठून चपला घालत ती म्हणाली, "पुढच्या वेळी या."

खिडकीवर आम्ही पुढची तारीख घेतली. जळगावला परतल्यावर मी त्या दिवसाची रजा लगेच टाकली.